वरचें दूध

सदाशिव पेठेंतील जुन्या वाड्यांत बाळंतिणीस दूध कमी पडूं लागलें म्हणजे प्रथम उपाय तिच्यावर होत, मुलावर नव्हे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी, यांपैकीं जें घरास परवडे तें तिच्या पानांत पडे. त्यानेंही पान्हा फुटला नाहीं तर मग ‘वरचें दूध’ सुरू होई. गवळ्याकडील गाईच्या दुधाचा रतीब वाढे. त्या दुधांत पाणी घालून, वावडिंगाचे दाणे टाकून तें उकळीत आणि बोंडल्यानें मुलाच्या तोंडांत घालीत. वाड्याच्या मालकाच्या घरीं हें जमे. त्याच वाड्यांत चौकापलीकडील खोलींत राहणाऱ्या, चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईच्या मुलास वरचें दूध म्हणजे बहुधा दुधाचा रंग आलेलें पाणी किंवा नाचणीची पातळ पेज एवढेंच मिळे. अंगावरच्या दुधाला पैसे पडत नाहींत, वरच्या दुधाला पडतात. आणि ज्या आईस पैशासाठीं घर सोडावें लागतें तिचें अंगावरचें दूधही मुलाच्या वांट्यास पुरतें येत नाहीं. गरिबाच्या तान्ह्या मुलासंबंधीं सरकारनें गेल्या शंभर वर्षांत जें जें केलें तें सारें या एका अडचणीभोंवतीं फिरत राहिलें आहे.

ही अडचण सरकारच्या डोळ्यांत प्रथम भरली ती मुंबईच्या चाळींत. १९२१ सालच्या मुंबईच्या नोंदींत एका खोलींत किंवा त्याहून कमी जागेंत राहणाऱ्या कुटुंबांतील दर हजार जन्मांमागें ८२८ बालमृत्यु दाखविले आहेत. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ३२२, तीन खोल्यांच्या १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. पुष्कळशा जन्मांची नोंदच होत नसे व बाळंतपणासाठीं बायका गांवीं जात, त्यामुळें पहिला आंकडा फुगलेला आहे हें खरें. तथापि खोल्या वाढल्या कीं मरण कमी होतें, हा क्रम कोणत्याही दुरुस्तीनें पुसला जाण्यासारखा नाहीं. गिरणींत जाणारी आई मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवी आणि दिवसभर कामावर राही. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारनें डॉ. बार्न्स नांवाच्या स्त्री-डॉक्टराकडून गिरणीकामगार बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करविली, तींत या गोळीचा प्रकार उघड्यावर आला.

आतां येथें दोन मार्ग होते. मुलास दूध स्वस्त करून द्यावें, हा एक. आणि आईस मुलापाशीं राहतां यावें अशी तजवीज करावी, हा दुसरा. दुसरा मार्ग प्रथम धरला गेला, आणि तो धरणारांत पुण्याशीं संबंध असलेलीं माणसें होतीं ही अभिमानाची गोष्ट आहे. गोखल्यांनीं १९०५ सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद नारायण मल्हार जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत प्रसूति-भत्त्याचें बिल आणलें. तें फेटाळलें गेलें. पुढें मुंबई कौन्सिलांत आसवले यांनीं तसेंच बिल मांडलें, आणि १९२८ सालीं त्यावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं असा मुद्दा मांडला कीं, बाळंतपणापूर्वीं व नंतर आईस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, सबब त्याचा भार पुष्कळसा सरकारनें उचलावा आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेंही त्यांत वांटा घ्यावा. १९२९ सालीं कायदा झाला. या देशांतील तशा प्रकारचा तो पहिला कायदा होय. बाळंतपणापूर्वीं तीन व नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. म्हणजे फार तर साडेचोवीस रुपये. रक्कम लहान होती. पण ती मुलाच्या वाटीसाठीं नव्हे, आईच्या मजुरीच्या जागीं दिलेली होती, आणि हाच भेद महत्त्वाचा आहे.

कायदा कारखान्यांपुरता होता. वाड्यांतल्या मोलकरणीस तो लागू नव्हता. तिच्या वांट्यास आला तो परोपकार. रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनीं १९०९ सालीं उभारलेल्या पुणें सेवासदनानें शिकलेल्या परिचारिका व सुइणी तयार करण्याचें काम हातीं घेतलें, तें या दृष्टीनें फार मोलाचें ठरलें. विधवा झालेल्या, अर्धवट शिकलेल्या स्त्रियांस धंदा मिळाला आणि बाळंतिणीच्या खोलींत जाणता हात पोंचला.

याच सुमारास वाड्यांच्या कोनाड्यांत विलायती डबे दिसूं लागले. न्यूझीलंडच्या दुधापासून निघालेली ग्लॅक्सोची भुकटी विकण्यासाठीं मुंबईंत १९२४ सालीं एच. जे. फॉस्टर ही कंपनी नोंदली गेली. गुबगुबीत मुलास ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची रीत आपल्याकडे पडली ती त्या डब्यांच्या व जाहिरातींच्या प्रतापानें. श्रीमंताघरीं डबा आला तर फारसें बिघडत नसे. उकळलेलें पाणी, खळखळून धुतलेली बाटली, पातीनें मोजलेली भुकटी, हें सारें तेथें होई. गरिबाघरीं डबा उसन्या पैशांनीं येई, जळणही विकतचेंच. आठवड्याचा डबा महिनाभर पुरवावयाचा म्हणजे चमच्याचा अर्धा चमचा होणारच. मूल रडायचें थांबे, पण वाढत नसे. पाणी अशुद्ध असेल तर हगवण ठरलेली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें, खडकवासल्याचें धरण वाहून गेलें आणि पुण्याचे नळ कोरडे पडले. पेशवेकालीन हौद आणि वाड्यांच्या विहिरी पुन्हा वापरांत आल्या. अशा पाण्यावर कालविलेली भुकटी पोटांत गेलेल्या मुलाचें काय होतें हें सांगावयास वैद्य नको.

दूध स्वस्त करण्याचा जो पहिला मार्ग, तो युद्धकाळांत सरकारनें धरला. मुंबईंत लहान मुलें, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांस प्रथम हक्क देऊन सवलतीनें दूध देण्याची योजना निघाली. १९४६ सालीं दारा खुरोडी यांनीं मुंबईंत ‘टोन्ड’ दूध काढलें. युक्ति साधी होती. म्हशीच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ७ च्या आसपास. त्यांत साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून तो ३ वर आणला कीं एक शेराचें सव्वादोन शेर दूध होतें, पोषणाचा बाकीचा ऐवज टिकतो आणि किंमत उतरते. १९४९ सालीं आरे वसाहत उभी राहिली. पुण्यास भिलवडीच्या चितळ्यांचें दुकान १९५० सालीं आलें, जिल्ह्याच्या सहकारी संघाची कात्रजची डेअरी १९६० सालीं. गवळ्याच्या चरवींतील दुधापेक्षां हें दूध अधिक भरंवशाचें होतें यांत शंका नाहीं. परंतु तें घरच्या सर्वांसाठीं येई. चहाचें आधण चुलीवर असतां तान्ह्या मुलाचा वांटा वेगळा काढून ठेवण्याइतकी सत्ता पुष्कळ घरांत सुनेच्या हातीं नव्हती.

१९५७ च्या सुमारास परकीय चलनाची ओढ लागली आणि परदेशी डब्यांची आयात आंखडली. तेव्हां ‘मुलांचें अन्न’ देशांतच करणें हा सरकारी कारभाराचा प्रश्न झाला. अडचण म्हशीची होती. तिच्या दुधाची भुकटी होणार नाहीं असें गोऱ्या तज्ज्ञांचें मत. शिवाय त्या दुधाचें दही बाळाच्या पोटांत घट्ट बसतें. पहिला आक्षेप आणंदच्या सहकारी संघांत ह. म. दलाया यांनीं खोटा पाडला, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें तेथील भुकटीचा कारखाना सुरू झाला. आणंद तेव्हां मुंबई राज्यांतच होतें. दुसऱ्या आक्षेपावर म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेनें उपाय काढला, आणि १९६० च्या सुमारास म्हशीच्या दुधाचें बालान्न आणंदहून बाजारांत आलें. शास्त्राचा हा विजय निर्विवाद आहे. पण डबा स्वदेशी झाला म्हणून मोलकरणीच्या खोलींतला अर्धा चमचा पुरा झाला नाहीं. पुढील वर्षांत डब्यांची टंचाई वारंवार होई व ते चढ्या भावानें विकले जात. टंचाईंत कोणाच्या ओळखीवर डबा मिळतो हें पुणेंकरांस सांगावयास नको.

मग वारें फिरलें. आफ्रिका व आशियांतील गरीब देशांत डब्यांच्या जाहिराती काय करीत आहेत याविषयीं १९७४ सालीं इंग्लंडांत एक पुस्तिका निघाली आणि मोठा गवगवा झाला. मे १९८१ मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें डब्यांच्या विक्रीसंबंधीं संहिता मंजूर केली. ११८ राष्ट्रें बाजूनें, एकटी अमेरिका विरुद्ध. भारतानें १९८३ सालीं आपली संहिता केली, १९९२ सालीं कायदा केला व १ ऑगस्ट १९९३ पासून तो अमलांत आणला. २००३ सालीं तो आणखी कडक झाला. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, डब्यावर मुलाचें वा आईचें चित्र बंद. ज्या गुबगुबीत बाळानें तीन पिढ्यांच्या आयांस भुरळ घातली तें बाळ डब्यावरून नाहींसें झालें. कायद्यावर लक्ष ठेवून तक्रार नेण्याचा अधिकार मिळालेल्या संस्थांत मुंबईची ‘अकॅश’ ही ग्राहकसंस्था होती, हेंही नमूद करण्याजोगें आहे.

हा कायदा योग्यच होय. मात्र तो काय करीत नाहीं हेंही पाहिलें पाहिजे. तो डब्याचा मोह आंवरतो, आईस घरीं बसवीत नाहीं. तें काम १९२९ च्या कायद्याच्या वंशजांचें. १९६१ च्या मध्यवर्ती कायद्यानें बारा आठवड्यांची पगारी रजा दिली, २०१७ सालीं ती पहिल्या दोन मुलांपुरती सव्वीस आठवडे झाली. पण ती दहा किंवा अधिक माणसें कामास असलेल्या ठिकाणीं. चार घरीं भांडीं घासणाऱ्या बाईचे मालक चार, आणि कामगार एकेका घरीं ती एकटीच. १९८० सालीं पुण्याच्या मोलकरणींनीं संप केला तेव्हां पगारवाढीबरोबर भरपगारी रजेचीही मागणी पुढें आली, आणि पुष्कळ सुशिक्षित घरांस ती ऐकून आश्चर्य वाटलें. हें आश्चर्यच खरोखर आश्चर्यकारक होतें. २००८ सालीं महाराष्ट्रानें घरकामगारांच्या कल्याणाचा कायदा केला. २०१७ सालीं सुरू झालेली मातृवंदना योजना पहिल्या मुलासाठीं पांच हजार रुपये देते. हे पैसे आईच्या पोटासाठीं आहेत, आणि १९७५ पासूनच्या अंगणवाडीनेंही पहिले सहा महिने अन्न द्यावयाचें तें आईलाच हें धोरण ठेवलें. धारावी हें तिच्या अगदीं आरंभींच्या केंद्रांपैकीं एक.

राहिलें तें आई गेलेलें मूल, किंवा जिचें दूध खरोखरच येत नाहीं तिचें. २७ नोव्हेंबर १९८९ रोजीं मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं मातृदुग्धपेढी उघडली. आशिया खंडांतील ती पहिली. एका आईचें जास्तीचें दूध घ्यावयाचें, तें ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून शुद्ध करावयाचें आणि दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलास द्यावयाचें. वाड्यांतली शेजारीण पूर्वीं हेंच करी, तिला कोणी पेढी म्हणत नसे. परंतु पेढीचें दूध रुग्णालयांत असेपर्यंतच. मूल घरीं आलें कीं आजी औषधाच्या दुकानीं जाते, डबा मागते आणि त्यावर छापलेली किंमत देते.