गाडी जुनी, अपडेट नवं: कोणाला मिळालं, कोणाला नाही

हा भाग शेवगावात, मामांच्या घरच्या ओट्यावर रेकॉर्ड केलाय. मधेमधे ट्रॅक्टरचा आवाज येईल. तो काढलेला नाही, कारण उसाच्या हंगामात शेवगावातून ट्रॅक्टरचा आवाज काढायचा म्हटलं तर भागच उरायचा नाही.

विषय मामांमुळेच सुचला. मामांनी गेल्या वर्षी पुण्याकडून सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आणली. कोणत्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही, कारण ही अडचण एकाच कंपनीची नाही. गाडी दिसायला झकास, बॅटरीही ठणठणीत. पण गाडीचं ॲप पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरला बांधलेलं. मामांनी शेवगावात चार्जिंगला लावली की मेसेज पिंपरीतल्या एका अनोळखी माणसाला जायचा. सर्व्हिसवाल्यांकडे दोन चकरा झाल्या, काम झालं नाही. मग मामांनी मला विचारलं, "का रे, जुन्या मोबाइलला अपडेट यायचं बंद होतं, तसं गाडीचंही होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून शोधत बसलो, आणि त्यातून हा भाग झाला.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात गाडी पोचते तीच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. महिंद्राची जीप घ्या, राजदूत घ्या. शहरात कंटाळले की त्या इकडे आल्या आणि पुढे वीस-वीस वर्षं पळाल्या. का? तर फिटर होता. कार्बोरेटर उघडायचा, जेट साफ करायचं, पार्ट नसेल तर नगरहून मागवायचा, नाहीतर लेथवर करून घ्यायचा. कंपनीने मॉडेल बंद केलं तरी गाडी बंद पडायची नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचा इतिहास बघताना मी हेच शोधत होतो: फिटरच्या हातातली किल्ली कधी निसटली?

सुरुवातीला तसं काही नव्हतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांच्या गटाने पंचवीसेक वर्षांपूर्वी 'एलेक्शा' नावाची विजेची रिक्षा केली. मोटर, बॅटरी, वायर. अपडेटचा प्रश्नच नाही. बंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. छोटीशी, डब्यासारखी, शिसे-आम्लाच्या बॅटरीवर चालणारी. तिच्यात बॅटरी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर होता, पण मालकाला त्याचं फारसं काही वाटत नसे. बॅटरी संपली की नवी टाकायची, एवढंच.

खरी गंमत २००९ ची. फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये रेवाने आपली पुढची गाडी दाखवली आणि तिच्यासोबत 'रिव्हाइव्ह' नावाची सोय जाहीर केली. रस्त्यात चार्ज संपला तर तुम्ही फोन किंवा एसएमएस करायचा. कंपनीच्या केंद्रात बसलेला माणूस दुरून तुमची बॅटरी तपासणार आणि राखून ठेवलेला थोडा चार्ज मोकळा करणार, म्हणजे तुम्ही घरी पोचाल. २०१० मध्ये महिंद्राने रेवा घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ आली, ती पुण्या-मुंबईतही विकली गेली, आणि ही सोय तिच्यात होती.

मला यात दोन गोष्टी दिसतात. सोय भारी आहे, यात वाद नाही. पण बॅटरी तुमच्या गाडीत, पैसे तुम्ही दिलेले, आणि त्यातल्या शेवटच्या काही किलोमीटरची किल्ली मात्र दुसऱ्याच शहरातल्या सर्व्हरकडे. म्हणजे सर्व्हर आहे तोवर सोय. ई-टू-ओचं हे घराणं २०१९ पर्यंत बंदही झालं.

तिकडे अमेरिकेत २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस आली आणि गाडीला मोबाइलसारखं हवेतून अपडेट मिळू लागलं. लोकांना वाटलं, आता गाडी जुनी होणारच नाही. पण सुरुवातीच्या त्या गाड्यांच्या स्क्रीनमागे ८ जीबीची मेमरी चिप होती. सॉफ्टवेअर तिच्यावर सारखं लिहीत राहायचं, आणि अशी चिप ठरावीक वेळाच लिहून घेते, मग झिजते. स्क्रीन बंद पडायला लागल्या, मागचा कॅमेरा दिसेना. २०२१ मध्ये कंपनीला सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तुमच्यातल्या ज्यांनी ८ जीबीचा फोन वापरलाय त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडचं उदाहरण, आणि ते अगदी आपल्या रस्त्यावरचं आहे. शेवगावहून पुण्याला जाताना नगर सोडलं, शिरूर गेलं की रांजणगाव लागतं. गणपतीचं. तिथल्या एमआयडीसीत टाटांची नेक्सॉन बनते. नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. ३०.२ किलोवॅट-तासाची बॅटरी, कागदावर ३१२ किलोमीटरची रेंज. जुलै २०२२ मध्ये तिचंच 'प्राइम' हे रूप आलं. त्यात ब्रेकिंगमधून वीज परत मिळवायचे वेगवेगळे टप्पे आले, टायरमधली हवा कमी झाली की कळायची सोय आली, स्मार्टवॉचची जोडणी आली. आणि कंपनीने सांगितलं की, आधीच्या २२ हजारांहून जास्त मालकांनाही हे सॉफ्टवेअर अपडेटने मिळेल, सर्व्हिस सेंटरवर, पहिल्यांदा फुकट. पुढच्या अपडेटला पैसे पडतील, हेही तेव्हाच सांगितलं होतं. ते वाक्य बहुतेकांनी वाचलं नसेल.

पण नवा पार्ट न टाकता गाडीला नवा गुण येतो कसा? टायरचंच बघा. टायरमध्ये सेन्सर बसवलेला नाही. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा थोडं जास्त वेगाने फिरतं. चाकाचा वेग मोजणारं यंत्र एबीएस ब्रेकसाठी आधीपासून गाडीत होतंच. फक्त त्या आकड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायचं सॉफ्टवेअर लिहिलं. ब्रेकिंगचंही तसंच. उतारावर मोटर जनरेटरसारखी फिरते आणि बॅटरीत वीज भरते. ती किती जोराने भरायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअरच. आपला करंजी घाट उतरताना ज्याने हा टप्पा वाढवून बघितलाय त्याला विचारा. पाय ब्रेकवर जातच नाही आणि खाली पोचेपर्यंत टक्का-दोन टक्के पदरात पडलेले असतात.

त्याहून मोठी गोष्ट २०२३ च्या सुरुवातीची. नेक्सॉन ईव्ही मॅक्सची कागदावरची रेंज ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाली. बॅटरी तीच, ४०.५ ची. जुन्या मॅक्सवाल्यांनाही हे अपडेट दिलं गेलं. १६ किलोमीटर फुकटात! माझ्या मते आपल्याकडच्या अपडेटच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक व्यवहार. नवीन गिऱ्हाइकाला जे दिलं, ते जुन्यालाही.

आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये नवी नेक्सॉन ईव्ही आली. वरच्या मॉडेलला १२.३ इंची स्क्रीन, गाडीतून बाहेरचं उपकरण चालवायची सोय. शेतात गाडी नेऊन तिच्यावर दिवे लावा, असं. हे जुन्यांना मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. ७ इंची स्क्रीन अपडेटने १२ इंची होत नाही, आणि बॅटरीतली वीज बाहेर द्यायची तर त्यासाठीची यंत्रणा आतच असावी लागते. इथे मी कंपनीला दोष देणार नाही.

दोष देण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आधीपासून चालू असलेली सोय बंद होते तेव्हा. निस्सानची लीफ २०१० मध्ये आली, जगातल्या सुरुवातीच्या मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी एक. ॲपवरून चार्जिंग बघता यायचं, थंडीत गाडी आधीच गरम करता यायची. गाडीत २जी चं यंत्र होतं. अमेरिकेत २जी बंद व्हायला लागलं, तेव्हा मालकांना पदरचे पैसे घालून ३जी चं यंत्र बसवावं लागलं, आणि २०२२ मध्ये ३जी ही गेलं. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये कंपनीने जुन्या लीफसाठी ॲपच बंद केलं. गाडी चालते, चार्ज होते, पण फोनवर मुकी. फिस्करच्या मालकांची तर आणखी वाईट अवस्था. २०२४ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली, तेव्हा मालकांनीच संघटना बांधली आणि गाड्यांचं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायच्या मागे लागले. हे वाचताना मला आमचा फिटर आठवला. पुन्हा तेच काम, फक्त पाना-पकडीच्या जागी लॅपटॉप.

कायदा काय म्हणतो? गाड्यांच्या सॉफ्टवेअर अपडेटसाठी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२० मध्ये नियम झाला. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१९० हे मानक आहे. आपली गाड्या तपासणारी संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. पण हे नियम अपडेट सुरक्षितपणे कसं द्यावं ते सांगतात, किती वर्षं द्यावं ते नाही. फोनचं बघा: सॅमसंगने २०२४ च्या एस-२४ ला ७ वर्षांचं वचन दिलं. युरोपात जून २०२५ पासून फोनला किमान ५ वर्षं अपडेट देणं बंधनकारक झालंय. वीस हजारांच्या फोनला वर्षांचा आकडा आहे आणि पंधरा लाखांच्या गाडीच्या माहितीपत्रकात बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं म्हणून ठळक छापतात, सॉफ्टवेअरपुढे आकडाच नाही. तुम्ही जुनी घेणार असाल तर हेच विचारा: अपडेट कधीपर्यंत, आणि खातं माझ्या नावावर होणार का? शेवगावात गाडी पोचते तोवर तिची चार-पाच वर्षं उलटलेली असतात. म्हणजे शहरातल्या पहिल्या मालकाला हा प्रश्न पडतच नाही, पडतो तो आपल्याला.

मामांचं काय झालं? शेवटी आम्ही आरसी बुकातलं जुनं नाव धरून, गाडीच्या एजंटकरवी त्या पिंपरीच्या माणसापर्यंत पोचलो. माणूस मोठ्या मनाचा. म्हणाला, "अहो, मलाच रोज रात्री मेसेज येतात, बायको विचारते ही कुठली गाडी?" फोनवरच ओटीपी सांगितला, खातं सोडलं, मामांचा नंबर लागला. मग साचलेलं अपडेट सुरू झालं. पाऊण तास गाडी अंगणात उभी, मामा पायरीवर बसून स्क्रीनवरचे टक्के मोजतायत, मामी म्हणतायत दूध तापायला ठेवल्यासारखं काय बघत बसलात.

मामांनी त्या माणसाचा नंबर पुसलेला नाही. फोनमध्ये त्याचं नाव 'गाडी ओटीपी' असं आहे. दिवाळीला त्याला शेतातला हरभरा पाठवायचा असं म्हणत होते, मी म्हटलं, मामा, हरभरा दिवाळीला कुठून आणणार तुम्ही?