पायरीवरून उतरणें आणि पुन्हां चढणें : डेंपो क्लबाच्या पुनरागमनाची हकीकत



ज्युबिलीच्या ह्या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा वृत्तांत इतर लेखकांनीं सविस्तर दिलाच आहे. आमच्याकडे मात्र एक निराळें काम आलें. रविवारच्या मिस्सेनंतर अंगणांत घोळका करून आपण ज्या विषयावर ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलत उभे राहतों, त्या फुटबॉलविषयीं कांहीं लिहावें, अशी सूचना झाली. तेव्हां ज्या घटनेची आठवण निघाली कीं आमच्यांतील वृद्ध व तरुण सारखेच खुलतात, तिचीच हकीकत येथें देत आहों. ती घटना म्हणजे गोव्याच्या डेंपो क्लबाचें सन २०२४ मध्यें आय-लीगमध्यें झालेलें पुनरागमन.

कोल्हापुरांत राहून गोव्याच्या क्लबाविषयीं एवढा कळवळा कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. आमच्यांतील पुष्कळांचीं मूळ घरें गोव्यांत किंवा सावंतवाडीच्या बाजूस आहेत. पोटापाण्यासाठीं वाडवडील घाट चढून इकडे आले. आणि ज्या नगरींत ते आले, ती नगरीही फुटबॉलवेडीच निघाली. छत्रपति शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापूर हें कुस्तीचें माहेरघर झालें हें सर्वश्रुत आहे. परंतु येथील तालमींनीं लाल मातीइतकाच हिरव्या मैदानावरही जीव लावला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा हीं तालमींचीं नांवें शाहू स्टेडियमवर दुमदुमूं लागलीं कीं पेठापेठांतील दुकानें ओस पडतात. वरच्या गटांत टिकणें ही पेठेच्या अब्रूची गोष्ट होय. म्हणून वर चढणें म्हणजे काय आणि खालीं घसरणें म्हणजे काय, हें कोल्हापूरकरास समजावून सांगावें लागत नाहीं. अशा रीतीनें आम्हांस दोन संघ लाभले : एक पेठेचा आणि एक वाडवडिलांच्या गांवाकडचा.

गोव्यांत ह्या खेळाचें बीं एका धर्मगुरूनेंच पेरलें. फादर विल्यम लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरु सन १८८३ मध्यें शिवोलीस होते. त्यांनीं तेथील मुलांस चेंडू लाथेनें खेळण्याची गोडी लाविली, आणि हा खेळ पाहतां पाहतां गांवोगांवच्या चर्चांपुढील मोकळ्या जागांत जाऊन पोहोंचला. डेंपो क्लब ह्याच भूमींतला. डेंपो ह्या उद्योगी घराण्याच्या नांवानें सन १९६८ पासून तो नांवारूपास आला.

त्याचें वैभव आम्हीं पाहिलेलें आहे. श्री. आर्मांदो कुलासो ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं २००४-०५ आणि २००६-०७ सालीं राष्ट्रीय फुटबॉल लीग, व पुढें २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ सालीं आय-लीग, असीं पांच राष्ट्रीय विजेतेपदें ह्या क्लबानें मिळविलीं. सन २००८ मध्यें आशियाई फुटबॉल महासंघाच्या चषकांत त्यानें उपांत्य फेरी गांठली. परंतु ह्या वैभवाच्या दारांतच एक दुःख उभें होतें. ता. ५ डिसेंबर २००४ रोजीं बंगळुरास फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत डेंपोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्टियानो ज्युनियर ह्यानें मोहन बागानविरुद्ध दोन गोल केले, आणि दुसरा गोल करीत असतां झालेल्या टकरीनंतर तो मैदानावर कोसळला तो पुन्हां उठला नाहीं. चषक जिंकला, पण जिंकून देणारा गेला. त्याच हंगामांत क्लबानें राष्ट्रीय लीगही प्रथमच जिंकिली. ती बातमी वाचतांना आमच्यांतील वडीलधाऱ्यांनीं त्या तरुणासाठीं प्रार्थना केल्याचें आम्हांस आठवतें.

जेथें चढ आहे तेथें उतारही आहे. २०१४-१५ च्या हंगामाअखेर, पांच वेळां विजेता ठरलेला हा क्लब आय-लीगमधून खालच्या श्रेणींत गेला. पुढच्याच वर्षीं त्यानें दुसऱ्या श्रेणीचें विजेतेपद मिळविलें, आणि आम्हीं मनांत म्हटलें, आतां झालें, पायरी चढली. परंतु ती पायरी चढणें त्या वेळीं घडावयाचें नव्हतें. देशांतील लीगची नवी रचना पुढें आली होती; तींत सन २०१४ मध्यें सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला सर्वांत वरचें स्थान द्यावयाचें, आणि खालच्या क्लबांस तेथें खेळाच्या बळावर शिरण्यास वाट ठेवावयाची नाहीं, असा विचार होता. सन २०१६ मध्यें साळगांवकर, स्पोर्टिंग गोवा आणि डेंपो हे तिन्ही गोमंतकीय क्लब राष्ट्रीय लीगपासून दूर झाले. ज्या शिडीची वरची पायरीच कापलेली आहे ती कशासाठीं चढावी, असें कांहींजण म्हणत. तर मैदान सोडून हक्क मिळत नसतो, असें दुसरे म्हणत. दोन्ही बाजूंत तथ्य होतें, आणि अंगणांतला तो वाद पुष्कळ रविवार चालला.

मध्यंतरींचीं वर्षें लांब होतीं. क्लब बंद पडला नाहीं. गोव्याच्या स्थानिक लीगमध्यें तो खेळत राहिला. पण विजेतेपदें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं ते वृद्ध होत चालले, आणि ज्यांनीं पाहिलीं नाहींत त्या मुलांस हीं नांवें जुन्या गोष्टींतल्यासारखीं वाटूं लागलीं. सुट्टींत गांवीं गेलेला कोणी परत आला कीं पहिला प्रश्न "डेंपोचें काय?" हाच असे.

अखेर २०२३-२४ च्या हंगामांत डेंपो आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणींत उतरला. प्रशिक्षक होते श्री. समीर नाईक, विजयाच्या काळांत संरक्षक म्हणून ज्यांनीं हाच पोशाख घातला होता, तेच आतां बाजूरेषेवर उभे होते. बंगळुरूचा स्पोर्टिंग क्लब पहिला आला, डेंपो दुसरा, आणि दोघांसही बढती मिळाली. त्या दिवशीं आमच्या एका सोबत्यानें हातांतला फोन सर्वांस दाखवीत फिरावें, आणि गुणतक्ता दिसत नसतांही आजोबांनीं चष्मा पुसून तो पुन्हां पुन्हां पाहावा, असा प्रकार झाला. पहिलें येण्याचें भाग्य नव्हतें, ह्याचें कोणासही वाईट वाटलें नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत क्लबानें आय-लीगमध्यें पुन्हां पाऊल ठेविलें, तेव्हां नऊ वर्षें लोटलीं होतीं.

ह्या हकीकतींतून आम्हांस जें उमगलें तें एवढेंच. इंग्लंडांत १८८८ सालीं लीग सुरू झाली, १८९२ सालीं तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, आणि १८९८ पासून वर-खालीं जाणें हें केवळ गुणांवर ठरूं लागलें. ह्या नियमांत मोठा न्याय आहे : वरचा निश्चिंत नाहीं आणि खालचा निराश नाहीं. आपल्या देशांतही २०२३ सालीं पंजाबचा क्लब आय-लीग जिंकून सुपर लीगमध्यें गेला, तेव्हां कापलेली पायरी पुन्हां बसविली गेली. आपल्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताच्या बाजूनें खेळला. पण एका मुलास वाट सांपडणें निराळें आणि सगळ्या पेठेसाठीं, सगळ्या गांवासाठीं वाट मोकळी असणें निराळें. आपल्या अंगणांत आज जीं मुलें चेंडू खेळतात, त्यांस ती वाट मोकळी मिळो; आणि ती मिळेपर्यंत धीर न सोडण्याचा धडा त्यांस ह्या नऊ वर्षांच्या गोष्टींतून मिळो, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खालीं ठेवतों.