बुणगे, सडे स्वार आणि दिल्लीची वाट

मराठी घरात रोज कानी पडणारे काही शब्द घ्यावे. मुक्काम आटोपून कोणी निघाला की त्याने ‘गाशा गुंडाळला’ असे आपण म्हणतो. समितीत नुसतीच नावे वाढली की ती ‘खोगीरभरती’ ठरते. निरुपयोगी गर्दीस आपण ‘बाजारबुणगे’ म्हणून हिणवतो आणि बायकामुलांच्या पाशातून मोकळ्या असलेल्या गृहस्थास ‘सडाफटिंग’ म्हणतो, तेव्हा त्यात थोडा हेवाही मिसळलेला असतो. हे सारे शब्द घोड्याच्या पाठीवरून उतरून आपल्या माजघरात आले आहेत. गाशा म्हणजे खोगिरावर घालावयाचे वस्त्र. खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबलेला पेंढा आणि चिंध्या. बुणगे म्हणजे फौजेच्या मागून चालणारे न लढणारे लोक व त्यांचे सामानसुमान. आणि सडा म्हणजे ते सर्व मागे ठेवून निघालेला स्वार. ज्या समाजाने प्रवासातील ओझ्याचा इतका बारीक विचार केला की त्याची भाषाच त्या विचाराने भरून गेली, त्या समाजाचा दिल्लीशी असलेला संबंध याच दृष्टीने एकदा तपासून पाहावा, असे आम्हांस वाटले.

निमित्त घडले ते मंडळातील तरुण सभासदांचे. सायकलच्या दांडीला, मुठींना व बैठकीला पिशव्या बांधून दोन-तीन दिवस बाहेर पडावे, रात्री कोठेतरी तंबू ठोकावा आणि पुन्हा वाटेला लागावे, असा छंद त्यांस जडला आहे. ही मुले एकत्र जमली की तंबू किती ग्रॅमचा, पांघरूण पिसांचे की कृत्रिम धाग्याचे, यावर तासन् तास खल चालतो. वजन वाचविण्यासाठी दात घासण्याच्या ब्रशची दांडी अर्धी कापणारेही या संप्रदायात असतात, असे ऐकून आम्ही प्रथम हसलो. मग ध्यानात आले की, हसण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही.

मराठी स्वाराचा संसार तो काय! अंगावर ढाल-तलवार, हाती भाला, घोड्याच्या दोन्ही अंगांस लोंबणारी खुर्जी, दाणा चारण्याचा तोबरा, घोडा बांधावयाचे अगाडी-पिछाडीचे दोर व मेखा, आणि एक घोंगडी. ही घोंगडी म्हणजे चतुराईचा कळस होय. पावसात ती खोळ, थंडीत पांघरूण, रात्री अंथरूण, आणि दोन काठ्यांवर टाकली की पाल. लोकर भिजली तरी तिची ऊब सर्वस्वी जात नाही, हा तिचा गुण आमच्या मेंढपाळांनी केव्हाच ओळखला होता. खुर्जीचे दोन्ही कप्पे समतोल भरावे लागत, नाहीतर खोगीर एका अंगास सरके आणि घोड्याच्या पाठीस जखम होई. जखमी पाठीचा घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. आजचा सायकलस्वारही जड वस्तू खाली व मध्यभागी ठेवतो आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे करतो. कारण निराळे नाही.

शिवछत्रपतींनी या हलकेपणास शिस्तीचे रूप दिले. राजाराम महाराजांच्या काळी लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत त्याचे वर्णन आहे. दसऱ्यास फौज बाहेर पडावी, आठ महिने मुलुखगिरी करावी आणि पावसाळ्यास छावणीत परतावे. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी करावी आणि परतल्यावर ती ताडून पाहावी. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नसावी, आणि हा नियम मोडणाऱ्याची गर्दन मारावी. यादी करण्यामागे लुटीचा हिशेब हा हेतू उघड आहे. तथापि ज्याच्या सामानाची मोजदाद होते, तो निघताना चार वस्तू घरी ठेवूनच निघतो, हेही तितकेच खरे.

या शिस्तीचे फळ पहिल्या बाजीरावाने घेतले. १७२८ साली पालखेडजवळ निजामासारखा मुरब्बी सेनानी पाण्यावाचून कोंडला गेला, तो मोठी लढाई हरून नव्हे. औरंगाबाद, बऱ्हाणपूर, गुजरात असा बाजीरावाचा सडा घोडा धावत राहिला आणि जड तोफखाना बाळगणाऱ्या निजामास त्याच्या मागे फरफटावे लागले. मुंगी-शेवगावचा तह हा एका अर्थी खुर्जीने तोफेवर मिळविलेला विजय होता. दुसऱ्या महायुद्धातील प्रख्यात इंग्रज सेनापती माँटगोमेरी यानेही आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली आहे. घोड्यावर बसल्या बसल्या कणसे चोळून खाणाऱ्या बाजीरावाच्या चित्राची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, शत्रूला भय वाटले ते तलवारीपेक्षा त्या कणसाचे, असे आम्ही समजतो. ज्याची चूल मागे राहिली आहे, त्याला गाठणार कोठे?

आता दिल्लीकडे वळू. १७३७ च्या वसंतात मल्हारराव होळकरांच्या तुकडीस अंतर्वेदीत सादतखानाने मागे रेटले, आणि मराठे चंबळेपार पिटाळले अशी बढाई बादशहाच्या कानी गेली. ती खोटी ठरवावयाची तर दिल्लीच्या वेशीवर उभे राहणे हाच एक उपाय होता. मोगलांच्या मोठमोठ्या फौजा वाटेत असता बाजीराव त्यांना बगल देऊन मेवातच्या डोंगराळ प्रदेशातून निसटला आणि रामनवमीच्या सुमारास एकाएकी दिल्लीसमोर प्रकट झाला. दहा दिवसांची मजल त्याने दोन दिवसांत मारली, असे सांगतात. कालिकेच्या देवळापाशी त्या दिवशी जत्रा भरली होती. आज कालकाजी मेट्रो स्थानकावर उतरणाऱ्या मराठी माणसाने त्या गर्दीत उडालेला हाहाकार क्षणभर मनाशी आणावा. आपल्याच पूर्वजांनी यात्रेकरूंस लुटले, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. पुढे तालकटोऱ्याकडे तळ गेला आणि रिकाबगंजापाशी बादशाही फौजेशी चकमक होऊन ती मोडली. रिकाबगंज हे नाव तेथील रिकिबी बनविणाऱ्या कारागिरांवरून पडले असे म्हणतात. याच तालकटोऱ्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मांडवात हा प्रसंग आठवणारे बरेच असतील. वजीर कमरुद्दीनखान पाठीवर येत आहे हे दिसताच बाजीरावाने मुक्काम हलविला व तो राजपुतान्याच्या वाटेने निघून गेला. शहर लुटले नाही, तख्तास हात लावला नाही. काम झाले होते.

इथवरची कथा आपण अभिमानाने सांगतो. मात्र एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. बाजीराव सडा होऊन दिल्लीवर आला, तर त्याचे बुणगे कोठे होते? ते बुंदेलखंडात, छत्रसालाच्या पुत्रांच्या आश्रयाने सुखरूप होते. १७२९ साली जैतपुरास बंगषाच्या वेढ्यातून वृद्ध छत्रसालास सोडविण्यासाठी हाच बाजीराव धावून गेला होता. त्या वेळी जोडलेला स्नेह आठ वर्षांनी त्याचे तंबू, ओझ्याची जनावरे व कबिले सांभाळीत होता. हलके होणे म्हणजे सामान नसणे नव्हे. ते ज्याच्या भरवशावर ठेवावे असा माणूस वाटेवर असणे, हे त्याचे खरे मर्म आहे. आमच्या या लेखास सांगावयाचे आहे ते एवढेच, आणि ते पानिपताकडे पाहिल्यावाचून पुरते उमगत नाही.

सदाशिवरावभाऊ मार्च १७६० मध्ये पडदूरहून निघाले आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांनी दिल्ली घेतली. त्यांच्यासंगे इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना होता, मोठमोठे डेरे होते, सरदारांचे कबिले होते. स्वतः भाऊंची पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. शिवाय मथुरा, प्रयाग, काशी, कुरुक्षेत्र यांच्या ओढीने निघालेले यात्रेकरू इतके होते की, लढणाऱ्यांहून न लढणारेच अधिक. सूरजमल जाटाने व मल्हाररावांनी सल्ला दिला की, बायकामुले व अवजड सामान ग्वाल्हेर, झाशी किंवा जाटाच्या किल्ल्यांत ठेवावे आणि सडे होऊन गनिमी काव्याने अब्दालीस दमवावे. तो मानला गेला नाही. पुढे काय झाले ते सांगणे नलगे. ऑक्टोबरात कुंजपुरा हाती आला, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतापाशी यमुना उतरला आणि आपल्या फौजेची दिल्लीची वाट तुटली. अडीच महिने पानिपतावर कोंडलेल्या त्या समुदायात दाणा पुरेना, वैरण पुरेना. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदीची आशाही मावळली. १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली ती गोल बांधून, आणि बायकामुले-यात्रेकरूंना संरक्षणात घेऊन. पुढे सरावयाचे तर हा भार घेऊनच सरावयाचे होते.

या प्रसंगावर लिहिणारे पुष्कळसे लेखक बुणग्यांना दोष देऊन मोकळे होतात. आम्हांस हा न्याय पटत नाही. त्या काळी सातशे-आठशे कोसांची यात्रा एकट्यादुकट्याने करणे म्हणजे चोर-पेंढाऱ्यांच्या तोंडी जाणे होते. फौजेची सावली हीच एक सुरक्षित वाट होती. आयुष्यात एकदा काशी घडावी म्हणून निघालेल्या म्हातारीस ‘बाजारबुणगे’ म्हणणे सोपे आहे. आपण दिल्लीस बदलीवर आलो, तेव्हा ट्रंका, वळकट्या, पाटा-वरवंटा आणि देव्हारा घेऊनच आलो की नाही? दोष असलाच तर तो या माणसांना विश्वासाने ठेवता येईल असा छत्रसाल त्या वर्षी न उरण्यात आहे. सूरजमलाचे किल्ले हाकेच्या अंतरावर होते. पण दिल्ली घेतल्यावर त्याचे व भाऊंचे बिनसले आणि तो निघून गेला. दिवाण-इ-खासचे रुपेरी छत उतरवून फौजेचा खर्च काही दिवस भागला, परंतु मित्र गेला तो गेला. १७३७ व १७६० यांतील अंतर आम्ही तोफांच्या वजनाने मोजत नाही. ते या मित्रांच्या संख्येने मोजावे.

हलकेपणा ही कोणा एकाची मिरास नाही, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी दिल्लीस वेढा दिला आणि तो उठवून ते अंतर्वेदीत शिरले, तेव्हा त्यांच्या मागे लागलेल्या लॉर्ड लेकने मराठ्यांचीच विद्या उचलली. निवडक घोडदळ घेऊन त्याने शेवटच्या चोवीस तासांत सुमारे सत्तर मैल कापले व १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादेस होळकरांची छावणी झोपेतच गाठली. गनिमी काव्यास गनिमी काव्याचे उत्तर मिळाले.

आमच्या सायकलवाल्या तरुणांपुढील प्रश्न रक्तपाताचा नाही, हे भाग्यच. तरी त्यांच्या याद्या पाहिल्या की जुनेच निकष दिसतात. एका वस्तूने तीन कामे करावी. पावसाचे वस्त्र तेच रात्री जमिनीवर अंथरावे. दिल्लीच्या आसपास एप्रिल ते जून तंबूची गरजच काय? मच्छरदाणी व चादर पुरे. डिसेंबर-जानेवारीत मात्र पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुके व दंव पडते आणि बंद तंबूच्या आतून श्वासाचेच पाणी ठिबकते. पिसांचे पांघरूण वजनाला हलके व फार उबदार खरे, पण भिजले की गोळा होऊन निकामी ठरते. कृत्रिम धाग्याचे थोडे जड, तरी ओलसर झाल्यावरही ऊब राखते. यमुनाकाठच्या दंवात आमचा कौल दुसऱ्यास आहे, आणि तो घोंगडीच्या वंशाचा आहे हे वेगळे सांगावयास नको. किलो-सव्वा किलोचा तंबू महाग पडतो. मुरथळच्या धाब्यांच्या, वाटेवरील गुरुद्वारांच्या व धर्मशाळांच्या भरवशावर निघाल्यास तोही घरी ठेवता येतो. दिल्ली ते पानिपत हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. मुलांनी मनावर घेतले तर संक्रांतीस ती काला आंब येथील स्मारकाशी एका दिवसात पोहोचतात, आणि त्यांची गरम कपड्यांची बोचकी आईबाप मागाहून मोटारीने आणतात. बुणग्यांची ही व्यवस्था आम्हांस पसंत आहे.

सायकलवरील अशा दूरच्या प्रवासाची परंपराही आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि पंजाब, बलुचिस्तान ओलांडून इराणात उतरले. तेव्हा नायलॉनचा शोधही लागला नव्हता. तंबू म्हणजे सुती कापड आणि पांघरूण म्हणजे लोकर. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस परतले. उरलेल्या तिघांची वाट मध्येच निराळी झाली होती.