धनको कोण, ऋणको कोण?

५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबई बंदरांतून लंडनकडे निघाली. शोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनीं स्थापिलेल्या सिंदिया कंपनीची ही पहिली बोट. पण तीही मूळची इंग्लंडांतच बांधलेली. माल हिंदुस्थानचा, किनारा हिंदुस्थानचा, आणि वाहतुकीचें भाडें मात्र परकीयांच्या पेढींत, ही रीत त्यांना मोडावयाची होती. प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपन्यांनीं दर उतरवून सिंदियाला जेरीस आणलें, आणि १९२३ सालीं आपल्या वाढीवर दहा वर्षांची मर्यादा पत्करून तिला तह करावा लागला.

अशा अनुभवानंतर श्रीमंत राष्ट्रांविषयीं या उद्योगपतींच्या मनांत केवळ द्वेषच उरला असेल, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु तसें घडलें नाहीं. डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें विमानांचा कारखाना उभारतांना वालचंदांनीं विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाचें साह्य घेतलें; मोटारींसाठीं क्रायस्लर कंपनीशीं सहकार्य केलें. यंत्र आणि विद्या परकी चालेल, धनीपण मात्र परकें चालणार नाहीं, हा त्यांच्या व्यवहाराचा मथितार्थ होता.

जानेवारी १९४४ मध्यें पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला आदि आठ जणांनीं ‘मुंबई योजना’ प्रसिद्ध केली. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवावयाचे. त्यांत परदेशी कर्ज अवघें ७०० कोटींचें. उलट १,००० कोटी लंडनमधील स्टर्लिंग शिलकेंतून यावयाचे होते. युद्धकाळांत हिंदुस्थाननें पुरविलेल्या मालाचें व सेवेचें हें ब्रिटनकडील येणें. युद्धाअखेर तें सुमारें १३० कोटी पौंडांवर गेलें. म्हणजे राज्यकर्ताच ऋणको ठरला! श्रीमंत राष्ट्राकडे याचकाच्या नव्हे, तर हिशेब मागणाऱ्याच्या नजरेनें पाहण्याचें धैर्य या आकड्यांत आहे.

या दृष्टींत स्वार्थ नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. परकी स्पर्धेपासून संरक्षण मागणाऱ्यांना त्यांतून स्वतःचा नफाही दिसत होता. आणि धनी स्वदेशी झाला म्हणून कामकऱ्याचें दैन्य आपोआप सरतें असें नाहीं. तरीही १४ मार्च १९४८ रोजीं सिंदियाच्या विशाखापट्टणच्या गोदींतून ‘जलउषा’ पाण्यांत उतरली, तेव्हां २९ वर्षांपूर्वीं परदेशांत बांधलेली जुनी बोट विकत घेणारी कंपनी आतां स्वतः बोट बांधीत होती. बरोबरीचें नातें मागून मिळत नाहीं. तें असें घडवावें लागतें.