माशांच्या अन्नांतील क्षार

नांदूरघाट हें बीड जिल्ह्यांतील केज तालुक्याचें गांव, अवर्षणाचा मुलूख. तेथें माशांच्या पोषणाची कथा काय सांगावी, असें कोणी म्हणेल. परंतु याच मराठवाड्यावर राज्य करणाऱ्या चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या १२व्या शतकांतील 'मानसोल्लासां'त 'मत्स्यविनोद' हें प्रकरण असून कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें याचा विचार त्यांत आहे. राजाचा डोळा गळावर होता, ही गोष्ट निराळी!

पुढें रोहू-कटला पाळणारांनीं पेंड व कोंडा यांवर भिस्त ठेविली. पेंडींत स्फुरद पुष्कळ. मग उणें कशाचें? चुना मासा कल्ल्यांवाटे पाण्यांतूनच घेतो. स्फुरद मात्र अन्नांतूनच मिळावा लागतो. पेंडींतला बहुतेक फायटिक अम्लांत जखडलेला, म्हणून पचत नाहीं. हाडांचा चुरा घालावा, तर या कार्प कुळास जठरच नाहीं; अम्लावांचून तो विरघळावा कसा? जपानांत ओगिनो व ताकेदा यांनीं १९७६ सालीं दाखविलें कीं, कार्पच्या अन्नांत शेंकडा ०.६ ते ०.७ पचण्याजोगा स्फुरद हवा. एरवीं वाढ खुंटते, डोक्याचीं हाडें वांकडीं होतात. म्हणून सहज विरघळणारे फॉस्फेट क्षार खाद्यांत मिसळूं लागले.

मात्र न पचलेला स्फुरद पाण्यांतच उतरतो व शेवाळ माजवितो. याच केज तालुक्यांत धनेगांवास मांजरा धरण आहे. लातूर शहर तेंच पाणी पितें. २०१६ सालीं तें आटलें, तेव्हां लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें.