घटस्फोट मिळाला, पण घर कोणाचे?

हिंदू कोड बिलाचा विषय निघाला की आपण दोन गोष्टी हमखास सांगतो. बाबासाहेबांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी मंत्रिपद सोडले आणि पुढे तेच बिल तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. दोन्ही खरे आहे. पण तुकडे झाल्यामुळे काय निसटले, हे आपण बोलत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर बसलेली आपली बहीण आज त्याचीच किंमत मोजते आहे.

मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो की पत्नी, पुत्र आणि दास यांना स्वतःचे धन नसते. नववा अध्याय सांगतो की नवऱ्याने विकले किंवा टाकले तरी पत्नी त्याच्यापासून मुक्त होत नाही. हे दोन नियम एकत्र वाचले पाहिजेत. जिच्या हातात काही नाही, ती बाहेर पडणार कुठे?

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले होते. म्हणून त्यांच्या बिलात घटस्फोट आणि मालमत्ता हातात हात घालून आले. स्त्रीची मर्यादित मालकी पूर्ण होणार होती. जन्माने फक्त मुलग्यांना मिळणारा एकत्र कुटुंबातील हक्क संपणार होता. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा सुचवला होता, तो बरोबरीचा झाला.

घटस्फोटाने हिंदू समाज बुडेल, अशी ओरड झाली. तेव्हा बाबासाहेबांनी दाखवून दिले की बहुसंख्य शूद्र जातींत रूढीने घटस्फोट आहेच. आपल्याकडचे काडीमोड, फारकत, पाट हे शब्द कुठून आले? आपल्या आज्या-पणज्यांना ज्यासाठी हलके ठरवले गेले, तेच कायद्याने सर्वांना मिळणार होते. अर्थात ती रूढीही न्यायाची नव्हती. पंच पुरुषच असत आणि घर-शेत बाईच्या नावावर नसे.

सप्टेंबर 1951 मध्ये सरकारने ठरवले की फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग पुढे न्यायचा. म्हणजे मालमत्ता आधीच बाजूला पडली. मग अवघी चार कलमे मंजूर करून तोही भाग सोडून दिला. 27 सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला. हा कायदा आपल्याला, बौद्धांनाही, लागू आहे. 1956 च्या वारसा कायद्याने स्त्रीला पूर्ण मालकी दिली, पण एकत्र कुटुंबातील पुरुषांचा जन्महक्क तसाच ठेवला. मुलींना तो हक्क महाराष्ट्रात 1994 ला आणि देशभर 2005 ला मिळाला.

आणि संसारात दोघांनी मिळून उभे केलेले घर? विवाह कायद्याचे कलम 25 पोटगीचे आहे. कलम 27 लग्नाच्या वेळी मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरते आहे. भांडीकुंडी, कपाट यांचा निकाल लागतो. खोली ज्याच्या नावावर, त्याची. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा राहण्याचा हक्क देतो, मालकी नाही. वीस वर्षे धुणीभांडी करून जिने खोलीचे हप्ते भरले, तिने मालकी मागितली तर तिच्याकडे पावत्या मागतात.

हे अशक्य आहे का? शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यात, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि वाटणीत निम्मा हिस्सा पत्नीचा असतो. केंद्रातही नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देणारे विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेत मंजूर झाले. लोकसभेत ते आलेच नाही आणि 2014 ला रद्दबातल झाले.

वैवाहिक मालमत्तेची समान वाटणी ही बाबासाहेबांच्या मसुद्याच्याही पुढची मागणी आहे. पण ती त्याच वाटेवरची आहे. जातीचा पाया जमीन आणि स्त्री या दोन्हींवरच्या ताब्यात आहे, असे आपण भाषणात म्हणतो. मग 14 एप्रिलला पुतळ्याला हार घालणारा आपलाच कार्यकर्ता मे महिन्यात बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही कशी घेतो?

कायदा बदलण्यासाठी लढूच. पण घराच्या कागदावर बायकोचे नाव लावायला संसदेची परवानगी लागत नाही. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी प्रत्येक कार्यकर्त्याने आधी आपल्या घराचा उतारा तपासावा.

जय भीम!