भिंतीचं वजन



गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की आमच्याकडं हल्ली हमखास घरकुलाचा विषय निघतो. अशाच एका बैठकीत एक मावशी शेजारच्या बांधकामावरचा पांढऱ्या ब्लॉकचा तुकडा पदरात बांधून घेऊन आल्या. त्यांनी तो पाण्याच्या बादलीत टाकला, तर तुकडा तरंगायला लागला. मावशी म्हणाल्या, "ताई, पाण्यावर तरंगणारी भिंत घेऊन मी महापुरात ऱ्हाऊ व्हय?" सगळ्या खो खो हसल्या. पण घरी जाताना तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर शोधताना मी भिंतींच्या इतिहासात शिरले. तोच आज तुम्हाला सांगते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. जिथं जे मिळतं, त्याचीच भिंत, हा जुना नियम. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरीकडं जांभ्याचे चिरे. डोंगराच्या कडेला काळा दगड. नदीकाठच्या करवीर, हातकणंगले, शिरोळ तालुक्यांत पांढरी माती आणि भेंडे, म्हणजे कच्च्या विटा. या भिंती हात-दीड हात जाड असायच्या. उन्हाळ्यात सोप्यात गारवा असायचा. त्यांना लिंपायचं, सारवायचं, पावसाळ्याआधी डागडुजी करायची, हे सगळं काम बायकांचं. भिंत पुरुषानं उभी केली, तरी ती जगवली बाईनंच. पण या भिंतींना दोन गोष्टी सोसत नव्हत्या. एक पाणी आणि दुसरा भूकंपाचा हादरा.

आधी हादऱ्याचं सांगते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. तो धक्का आपल्या कोल्हापुरातही जाणवला होता. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती, त्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत साडेसात हजारांहून जास्त माणसं मेली. त्यातली बहुतेक स्वतःच्या घराच्या भिंती आणि माळवद अंगावर पडून मेली. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, गोल दगड मातीत बसवलेले, आणि वर मातीचं जड माळवद. घर जितकं जड, तितका भूकंपाचा हिसका मोठा. त्यात दगडाला दगड नीट बांधलेला नसेल, तर भिंत मधून फुटते आणि ढासळते.

हे वजन म्हणजे किती? टन म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो, म्हणून त्याच मापात सांगते. दहा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत धरा. दोन फूट जाडीची दगडमातीची असेल, तर तिचं वजन बारा टनांच्या आसपास, म्हणजे उसानं भरलेली अख्खी ट्रॉली झाली. नऊ इंची पक्क्या विटांची असेल, तर चार टनांच्या आसपास. आणि आठ इंची हलक्या ब्लॉकची असेल, तर सव्वा ते दीड टन. भिंत तेवढीच, आडोसाही तेवढाच, पण वजनात एवढा फरक.

हा हलका ब्लॉक आला कुठून? त्यासाठी थोडं लांब, युरोपातल्या स्वीडन देशात जावं लागेल. पहिल्या महायुद्धानंतर तिथं सरपणाची आणि लाकडाची टंचाई झाली होती. थंडी कडाक्याची, त्यामुळं ऊब धरून ठेवणारी भिंत हवी होती. योहान अ‍ॅक्सेल एरिक्सन नावाच्या वास्तुतज्ज्ञानं १९२४ च्या सुमारास ही युक्ती शोधली. लाकडासारखं हलकं आणि करवतीनं कापता येणारं, पण न कुजणारं आणि न जळणारं काहीतरी त्याला हवं होतं. १९२९ मध्ये तिथं कारखाना सुरू झाला.

त्याची कृती ऐकली, तर तुम्हाला आपलंच स्वयंपाकघर आठवेल. बारीक वाळू किंवा राख, चुना, सिमेंट आणि थोडं जिप्सम पाण्यात कालवतात. त्यात चिमूटभर अ‍ॅल्युमिनियमची पूड टाकतात. चुन्याशी गाठ पडली की तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि मिश्रण आंबवलेल्या पिठासारखं फुगतं. आंबोळीला जाळी पडते, तशी आत जाळी पडते. वायू निघून जातो आणि त्या जागी हवा राहते. मग ती वडी तारेनं कापतात आणि मोठ्या लोखंडी भांड्यात दाबाखाली, १८० अंशांच्या आसपासच्या वाफेत, आठ-दहा तास शिजवतात. कुकरसारखंच, फक्त कुकर बसगाडीपेक्षा मोठा. या शिजण्यानंच ब्लॉकला बळ येतं.

स्वीडनच्या गोष्टीत एक धडाही आहे. तिथं बरीच वर्षं एका खास खडकाचा चुरा वापरून निळसर ब्लॉक बनवत होते. त्या खडकात युरेनियमचा अंश होता आणि भिंतींतून रेडॉन नावाचा घातक वायू घरात येत होता. १९७५ मध्ये ते उत्पादन बंद झालं. म्हणून नवीन वस्तू दारात आली, की "कशापासून केलीय?" हे विचारायला लाजू नये. भाजीवालीला आपण विचारतोच की!

आपल्या महाराष्ट्रात हा ब्लॉक आणला तो बी. जी. शिर्के यांनी. वाईजवळच्या पसरणी गावचे, १९१८ चा जन्म, शिकून इंजिनिअर झाले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पुण्यात 'सिपोरेक्स' या स्वीडिश तंत्राचा कारखाना काढला. भराभर घरं बांधायची, तर भिंत हलकी हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आजही कितीतरी गवंडी कुठल्याही कंपनीच्या हलक्या ब्लॉकला 'सिपोरेक्स'च म्हणतात. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो, तसंच.

तरीही हा ब्लॉक बरीच वर्षं शहरातच राहिला. आपल्याकडं नदीकाठची गाळाची माती होती आणि वीटभट्ट्या होत्या. पण विटेला शेताची वरची सुपीक माती लागते, आणि ती पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात विटांसाठी आणि ब्लॉकसाठी तिथली राख वापरा, असं तिनं सांगितलं. मातीची वरची साय वाचवणं हा तिचा एक हेतू होता. त्यानंतर राखेचे ब्लॉक बनवणारे कारखाने वाढत गेले. यात भट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांच्या पोटाचाही प्रश्न आहे, तो विसरून चालणार नाही.

आता पाण्याचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार. पाण्यात भिजलेली मातीची भिंत बरेचदा पाणी असताना उभी राहते आणि ओसरल्यावर बसते. पांढरा ब्लॉक मातीसारखा विरघळत नाही. पण तो पाणी पितो, आणि वाळायला वेळ घेतो. म्हणून मावशींना माझं उत्तर असं आहे. भिंत तरंगून जात नाही, कारण ती सिमेंटच्या खांबांत आणि तुळयांत अडकवलेली असते. मात्र जोतं दगडाचं किंवा पक्क्या काँक्रीटचंच हवं, आणि ब्लॉक जमिनीत घालायचा नाही. खांब नसलेल्या घराला नुसत्या ब्लॉकवर स्लॅबचा भार द्यायचा असेल, तर इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय नाही. ब्लॉक हलका आहे, म्हणून सांगाड्याचं लोखंड चोरायचं नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. बाजारात फेसाचा ब्लॉकही मिळतो. तो वाफेच्या दाबात शिजवलेला नसतो आणि दिसायला सारखाच वाटतो. वाफेवर शिजवलेल्या ब्लॉकचं भारतीय मानक आहे आयएस २१८५, भाग ३. बिलावर ते बघा. सांधा पातळ असतो, तो नेहमीच्या जाड मसाल्यानं न भरता ब्लॉकच्या खास मसाल्यानं भरतात, म्हणून गवंड्यानं हे काम आधी केलंय का ते विचारा. दोन्ही बाजूंनी नीट गिलावा हवा, न्हाणीघराला तर हवाच. जड फडताळ साध्या खिळ्यावर टांगू नका. आणि एका ब्लॉकच्या दरावर जाऊ नका. दोन फूट लांबीच्या एका ब्लॉकमध्ये बारा-चौदा विटांचं काम होतं, म्हणून मसाला, गिलावा, वाहतूक धरून अख्ख्या भिंतीचा हिशोब मांडा.

हे सगळं बाईनं का विचारायचं? किल्लारीनंतर जी घरं उभी होती, ती मजबूत करायचं काम निघालं. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढं आणलं. माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, हे त्या घरोघरी समजावून सांगत होत्या आणि काम नीट होतंय का ते बघत होत्या. त्या आधी कधी इंजिनिअरसमोर उभ्याही राहिल्या नव्हत्या. त्यांच्या प्रश्नांवर हजाराहून जास्त गावांतलं काम चाललं.

बांधकामावर डोक्यावर चुंबळ ठेवून विटांची घमेली वाहणारी बाईच असते. भिंतीचं वजन तिच्या मानेला आधी कळतं. आता घरकुलाच्या कागदावरही तिचं नाव लागतं, एकटीचं किंवा जोडीनं. मिळणाऱ्या अनुदानात घर बसवताना एकेका रुपयाची ओढाताण होते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पहिला दगड बसण्याआधी गवंड्याला विचारा, "दादा, ही भिंत किती वजनाची, आणि तिला धरणार कोण?"

मावशींच्या घराचं जोतं आता दगडात बांधून झालंय. तो तुकडा अजून त्यांच्या खिडकीत आहे. येईल-जाईल त्याला त्या तो हातात देतात आणि विचारतात, "सांगा बघू, किती किलोचा?"